शनिवार, दुपारी अडीच

वाचनालयात मुलांसाठी कार्यक्रम घ्यायचा म्हटलं की कार्यकारिणीच्या बैठकीत पहिली चर्चा होते ती पाहुण्यांची. कोणाला बोलवायचं, हार घालायचा की बुके द्यायचा, व्यासपीठावर खुर्च्या किती. मुलांचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि ‘शाळेला पत्र द्या, पन्नास-साठ पोरं पाठवतील’ एवढ्यावर संपतो. पोरं येतात, सतरंजीवर रांगेत बसतात. पाहुणे तासभर उशिरा येतात. दीपप्रज्वलनासाठी पंखा बंद करतात, तो पुन्हा लावायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मग वाचनाचं महत्त्व या विषयावर चार मोठी माणसं बोलतात. मुलं टाळ्या वाजवतात, बिस्किटाचा पुडा घेतात आणि शाळेच्या रांगेत परत जातात. त्यांच्यासाठी घेतलेली दोन हजारांवर पुस्तकं त्याच इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत असतात. तिकडे त्यांना कुणी नेत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी बालविभाग सांभाळते. वीसेक वर्षं होत आली. हा विभाग मी मागून घेतला नव्हता. मोठ्यांच्या देवघेवीला अनुभवी माणूस हवा, मासिकांच्या खोलीत ज्येष्ठांशी हुज्जत घालणारा हवा, मग उरलेली नवी बाई बालविभागात, अशी वाटणी झाली. ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग मी केला होता. दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६ ला येतं, दाखल नोंदवहीत रकाने कोणते, रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेले ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत कोणते, हे सगळं पाठ होतं. नऊ वर्षांचा मुलगा टेबलासमोर येऊन नुसताच उभा राहिला तर काय करायचं, याचा तास मात्र झाला नव्हता.

बालविभाग म्हणजे तेव्हा काचेची सहा कपाटं होती आणि सहाही कुलूपबंद. मूल काचेवर बोट ठेवायचं, ‘ते निळं.’ मी किल्ली लावून ते निळं काढायची. मूल दोन पानं उलटायचं, चित्रं नाहीत हे बघून परत द्यायचं, ‘त्याच्या शेजारचं.’ तेही नको असायचं. तिसऱ्यांदा मागायचा धीर फार थोड्या मुलांना होतो. हातात येईल ते घेऊन ती जायची आणि दुसऱ्या दिवशी न वाचता परत आणायची. घरी सांगायची, वाचनालयात चांगली पुस्तकं नाहीत.

कुलपं काढायची म्हटल्यावर कार्यवाहांनी विचारलं, ‘पुस्तकं गेली तर?’ ती भीती खोटी नव्हती. प्रत्येक पुस्तकावर दाखल क्रमांक असतो, वर्षाला पडताळणी होते, कमी भरलेल्याचा जाब द्यावा लागतो. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत जाब देणारा शेवटी कर्मचारीच असतो. बरीच ओढाताण होऊन दोन कपाटं प्रायोगिक म्हणून उघडायला परवानगी मिळाली, त्यातही जुनी, फाटकी पुस्तकं ठेवायची या अटीवर. पुस्तकं गेली का? गेली. पहिल्या वर्षी जरा जास्तच गेली. पण त्या दोन फाटक्या कपाटांतली देवघेव बाकीच्या चार चकचकीत कपाटांपेक्षा जास्त झाली, आणि हे आकडे नोंदवहीत होते म्हणून पुढच्या वर्षी उरलेली कुलपंही निघाली.

मांडणी मुलांनीच बदलली. ८९१.४६ वगैरे त्यांच्या कामाचं नव्हतं. त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या: भुताटकीची, हसायची, प्राण्यांची, खरीखुरी, लांबलचक. एका मुलीने ‘रडवणारी’ असा वेगळा खण केला आणि त्यात ‘श्यामची आई’ ठेवलं. पुढच्या वर्षीच्या मुलीला ते पटलं नाही, तिने ते उचलून ‘खरीखुरी’त नेलं. दोघींचंही मला पटलं. मी कॅटलॉग माझ्या वहीत नीट ठेवते आणि खणांवरच्या चिठ्ठ्यांना हात लावत नाही.

रंगनाथनांचा चौथा सिद्धांत सांगतो की वाचकाचा वेळ वाचवा. प्रौढांच्या विभागात तो बरोबरच आहे. मुलांच्या बाबतीत तो मला कधीच पटला नाही. मुलांना वाचनालयात वेळ घालवायचाच असतो. एक पुस्तक निवडायला तासभर लागतो, त्यात दहा पुस्तकं चाळून होतात, दोन मैत्रिणींशी भांडण होतं, खिडकीतून बाहेरची म्हैस बघून होते. हा तास वाया गेलेला नसतो. ‘लवकर घे, मला उशीर होतोय,’ म्हणणाऱ्या पालकांना मी आता सरळ मासिकांच्या खोलीत पाठवते. तिथे ‘चांदोबा’चे जुने बांधीव खंड आहेत. अंक कधीच बंद पडला, पण खंड हातात पडला की बाप खुर्ची ओढून बसतो आणि थोड्या वेळाने मुलगीच त्याला म्हणते, ‘चला ना.’

शनिवारचं वाचन सुरू झालं ते फार विचार करून नव्हे. आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारी मुलं मोकळी, घरी आई झोपलेली किंवा रानात गेलेली. अडीच ते चार ही वेळ ठरवली आणि एकच नियम स्वतःला घातला की ती चुकवायची नाही. सुरुवातीला चार-पाच मुलं यायची. परीक्षेच्या आठवड्यात दोन, एखाद्या शनिवारी एकच. एकासाठीही वाचलं. सोसायट्यांमध्ये, शाळांमध्ये वाचनकट्टे सुरू होतात आणि तीन महिन्यांत बंद पडतात, याचं कारण मी पाहिलंय तेवढ्यात तरी एकच आहे: पहिल्या महिन्यातली गर्दी ओसरली की चालवणाऱ्याला अपमान वाटतो. मुलांना गर्दीचं काही नसतं. ती अडीच वाजता आली आणि दार बंद दिसलं, तर मात्र पुन्हा येत नाहीत.

मी गोष्ट सांगत नाही, वाचते. यावर एका कथाकथनकार पाहुण्यांनी माझी कानउघाडणी केली होती. मुलांच्या डोळ्यांत बघून सांगा, पुस्तक मध्ये कशाला? ते स्वतः फार सुंदर सांगत, हातवारे, आवाज, सगळं. मुलं हसून लोळली. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याभोवती गराडा पडला. पण मुलांना ती गोष्ट घरी न्यायची होती आणि ती कुठल्याच पुस्तकात नव्हती, पाहुण्यांच्याच डोक्यात होती, ती त्यांच्याबरोबर गाडीत बसून गेली. मी नट नाही, माझा आवाजही बेताचा. पण मी थांबते तेव्हा पुस्तक टेबलावर असतं आणि त्याची पुढची पानं कुणीही उघडू शकतं. मुलांचा कुठलाही उपक्रम देवघेवीच्या टेबलापाशी संपला पाहिजे, हे माझं मत तेव्हापासूनचं आहे.

म्हणून मी मुद्दाम अर्ध्यात थांबते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यासाठी फार सोयीचा, कारण तो दर चार पानांनी कुठेतरी अडकलेला असतो. ‘आता पुढच्या शनिवारी,’ म्हटलं की आरडाओरडा होतो. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या दोनच प्रती. मग फळ्यावर वाट पाहणाऱ्यांची यादी लागते, नावं खोडली जातात, खाऊ देऊन नंबर बदलले जातात. २०१७ मध्ये फास्टर फेणेचा सिनेमा आला तेव्हा तर सातवी-आठवीची मुलंही यादीत आली. पुस्तक वाचून एकजण तक्रार घेऊन आला, ‘मॅडम, ह्यात तर फेणे आपल्याएवढाच हाय. सिनेमात मोठा बाप्या दाखवलाय.’ त्याला फसवल्यासारखं वाटत होतं, पण सिनेमाने की पुस्तकाने, हे त्याचं ठरत नव्हतं.

वाचून झाल्यावर मी काही विचारत नाही. तात्पर्य काय, कोणतं पात्र आवडलं, का आवडलं, यातलं काहीच नाही. शाळेत ते पुष्कळ होतं. बरेच महिने एक मुलगा टेबलाखाली पडून ऐकायचा, बाहेर यायचाच नाही. त्याच्या शिक्षिकांनी मला आधीच सांगितलं होतं की याला काही येत नाही. त्याला मी काही विचारलं असतं तर तो त्याच दिवशी गेला असता. पुढे तो टेबलाखालून बाहेर आला, जुन्या ‘किशोर’च्या खंडांपाशी बसायला लागला. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय आणि आमच्याकडचे खंड हा बालविभागातला सगळ्यात झिजलेला माल आहे. तो फक्त कोडी आणि चित्रं बघायचा. मग चित्राखालच्या ओळी वाचायला लागला. तो पुढे फार वाचणारा झाला असं सांगता आलं असतं तर छान वाटलं असतं. तसं झालं नाही. पण दहावीपर्यंत तो शनिवारी येत राहिला.

झिजलेल्या मालावरून आठवलं. कपाटं उघडल्यावर पुस्तकं फाटायला लागली आणि बाइंडरला द्यायला पैसे नव्हते. अनुदानाचा हप्ता येईपर्यंत आमचे पगारच थांबलेले असतात, तिथे बांधणी कुठली. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या एका म्हाताऱ्या बाइंडरना बोलावलं. त्यांनी मैद्याची खळ शिजवायला शिकवलं. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, म्हणजे झुरळ आणि किडा लागत नाही, पण मोरचूद विषारी आणि हात पोरांचे, म्हणून आम्ही तो वगळला, खळ थोडी थोडी करून त्याच दिवशी संपवायची ठरवली. पारदर्शक चिकटपट्टी लावलेलं पुस्तक त्यांनी हातात घेतलं आणि ते चिडलेच. ती पट्टी वर्ष-दोन वर्षांत पिवळी पडते, निघते आणि निघताना छापलेली अक्षरं घेऊन निघते. त्यांनी पातळ कागदाची पट्टी फाडून (कापून नव्हे, फाडून, म्हणजे कडेचे तंतू धरतात) खळीने कशी बसवायची ते दाखवलं. टाका कुठून घालायचा, पुठ्ठ्याच्या सांध्याला कापड का लागतं, वजनाखाली रात्रभर ठेवल्याशिवाय पान सरळ का होत नाही, हे सगळं मुलं पोटावर लोळून बघत होती.

या ‘पुस्तकांच्या दवाखान्या’ला जेवढी मुलं टिकली तेवढी दुसऱ्या कुठल्याही उपक्रमाला टिकली नाहीत, आणि त्यात वाचनाकडे अजिबात न फिरकणारी मुलं सगळ्यात जास्त होती. पानं जुळवताना ३२ नंतर ४९ आलंय हे कळायला मजकूर बघावा लागतो. मधलं काय गेलं असेल यावर वाद होतात. वाद मिटवायला दुसरी प्रत शोधावी लागते. एका मुलाने स्वतः शिवलेलं पुस्तक रोज येऊन जागेवर आहे का बघितलं, आणि ते बाहेर गेलंय कळल्यावर कोण घेऊन गेलं ते विचारून त्याच्या घरी जाऊन हात धुऊन वाच म्हणून सांगून आला. पुस्तकं हरवण्याचं प्रमाण त्या सुट्टीनंतर उतरलं. उपदेशाचे तक्ते आम्ही भिंतीवरून काढून टाकले.

स्पर्धांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. निबंध, हस्ताक्षर, वक्तृत्व, सगळीकडे तीच पाच-सहा मुलं जिंकतात आणि निबंध कुणाच्या आईने लिहिलाय ते अक्षरावरून आम्हाला कळतं. वर्षात सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला ढाल देण्याची पद्धत आमच्याकडे जुनी होती. डिसेंबर लागला की मुलं सोळा पानी पातळ पुस्तकं शोधायची, सकाळी न्यायची, संध्याकाळी परत आणायची. एका वर्षी दोन भावांनी एकमेकांच्या कार्डावर पुस्तकं फिरवली. ढाल देणाऱ्या कुटुंबाला विनंती करून ती रक्कम पुस्तक खरेदीकडे वळवायला काही वर्षं लागली. पंधरा ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि सत्तावीस फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आम्हीही साजरे करतो, फोटो काढतो, अहवालाला जोडतो. ते करावं लागतं. त्या दिवशी बालविभागाचं दार उघडं ठेवायचं आणि भाषणं वीस मिनिटांत आटोपायची, एवढी सवलत मी मिळवली आहे.

आमच्या तालुक्यात साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि वाचनालयामागच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. कितीतरी वर्षं त्या कोप्यांतली मुलं आणि आमचा बालविभाग यांत फक्त एक कुंपण होतं. एकदा दुपारी दोन मुली दारात येऊन थांबल्या. मोठी दहा-अकराची, तिच्या कडेवर भाऊ. आत काय आहे म्हणून आल्या नव्हत्या, बाहेर ऊन होतं आणि आत पंखा होता. मोठीने तिसरीपर्यंत शाळा केलेली, तीही दरवर्षी अर्धी, कारण दिवाळी ते मार्च ती गावी नसायचीच. चित्राचं पुस्तक दिलं तर तिने ते भावाला दाखवायला घेतलं. अक्षरं जुळवत, मोठ्याने, आणि जिथे अडेल तिथे चित्र बघून स्वतःच्या मनाचं घालत. भाऊ दीड वर्षाचा. त्याला सगळंच पटत होतं.

सभासद व्हायला अनामत लागते आणि गावातला एक जामीनदार सभासद लागतो. या मुलांना जामीन कोण राहणार? नियमात बसत नाही, हे उत्तर तयार होतं. कर्मचारी म्हणून माझ्या नावावर पुस्तकं नेता येतात, ती मी त्यांना द्यायला लागले. नोंद माझ्या कार्डावर, पुस्तक कोपीत. एका मुलाला फक्त नकाशे हवे असत. नकाशासंग्रह संदर्भाचा असल्याने बाहेर देता येत नाही, म्हणून तो इथेच बसून बघायचा. आपलं गाव नकाशात नाही हे कळल्यावर त्याने तालुक्याच्या ठिकाणापासून बोटाने अंतर मोजून पेन्सिलीने ठिपका काढला. संदर्भग्रंथावर पेन्सिल चालवणं नियमाविरुद्ध आहे. तो ठिपका मी खोडला नाही. एकदा मुकादम चौकशीला आला, पोरं कसले कागद आणतात म्हणून. त्याला वाटलं कुणीतरी उचलीचे हिशेब लिहून देतंय. त्याला हसायची पुस्तकं दाखवली, तो थोडा वेळ बसला आणि गेला.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि एका रात्रीत माळ रिकामा झाला. जी पुस्तकं कोप्यांत होती ती गेली. मी माझ्या कार्डावर ‘गहाळ’ लिहिलं आणि किंमत भरली, कारण दुसरा मार्ग नव्हता. पुढच्या हंगामात एक अनोळखी बाई एक पुस्तक घेऊन आली. दुसऱ्याच टोळीतली होती. म्हणाली, ‘आमच्या वाडीच्या पोरीनं दिलंय, तुमच्याइकडं द्या म्हणली.’ ती मुलगी त्या वर्षी कर्नाटकातल्या कारखान्याला गेली होती. पुस्तकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचं कव्हर घातलेलं. बाकीची पुस्तकं आली नाहीत, आणि यावीत अशी माझी अपेक्षाही नव्हती. आता आम्ही वेगळं करतो. पडताळणीत जी पुस्तकं बाद होतात, त्यांचं रीतसर निर्लेखन झाल्यावर ती रद्दीत घालण्याऐवजी दवाखान्यात शिवून ठेवायची आणि फेब्रुवारीच्या शेवटी कोप्यांतल्या मुलांना कायमची द्यायची. ठरावात ‘विनामूल्य वितरण’ असं लिहिलं की कुणाचा आक्षेप राहत नाही. हे सुचायला उशीर लागला हे खरं, पण रद्दीचा भाव किलोवर असतो आणि त्यातून वाचनालयाला मिळणारे पैसे चहापुरतेही नसतात.

उलट टोकाची मुलंही येतात. इंग्रजी माध्यमाची मुलं घरी अस्सल मराठी बोलतात, पण जोडाक्षर आलं की थांबतात. सहावीतला एक मुलगा आजीच्या आग्रहाने यायचा. त्याच्या वयाची मराठी पुस्तकं त्याला झेपत नव्हती आणि झेपणारी पुस्तकं बाळबोध वाटायची. माधुरी पुरंदरेंची ‘राधाचं घर’ची पुस्तकं त्याने लांबून बघितली आणि ‘ही लहान मुलांची आहेत’ म्हणून ठेवून दिली. त्याच सुमारास शनिवारी बालवाडीची चिल्लीपिल्ली यायला लागली होती आणि मला एकटीला ती आवरत नव्हती. मी त्याला म्हटलं, यांना वाचून दाखव, मला फोन आलाय. फोन आला नव्हता. तो चाचरत वाचायला लागला. चार वर्षांच्या श्रोत्यांना चुका कळत नाहीत, त्यांना फक्त पान लवकर उलटायला हवं असतं. पुढच्या आठवड्यात तो शुक्रवारीच आला, उद्याचं पुस्तक आधी वाचून बघतो म्हणाला. तेव्हापासून मोठ्यांनी छोट्यांना वाचून दाखवणं ही शनिवारची अर्धी वेळ झाली. लाज न वाटता सोपं पुस्तक वाचायचं असेल तर मुलाला निमित्त लागतं.

सगळं वाचनातूनच होतं असंही नाही. एका दिवाळीत मुलांनी हस्तलिखित काढलं. गोष्टी-कविता नकोत, गावातल्या कुणाकडे तरी जाऊन विचारून लिहा, एवढीच अट होती. चार मुलं गुऱ्हाळावर गेली. काहिलीतला रस गुळाला आला हे गुळव्याला कसं कळतं, हा त्यांचा प्रश्न. त्याने उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी करून दाखवली. मुलांनी ते लिहिलं, चित्र काढलं, पण ‘असं का होतं’ याचं उत्तर गुळव्याने दिलं नाही. ते शोधायला ती विज्ञानाच्या खणाकडे आली, जिथे त्याआधी धूळ पुसायला मीच जायची. एक मुलगी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे गेली ती त्याचं दुकान बंद होण्याच्या महिन्यात. तिचं लिखाण दीड पानाचं होतं. मोठ्यांच्या विभागातल्या वाचकांनी ते मागून नेऊन वाचलं.

भिलारला सहल काढली होती. पाचगणीजवळचं हे पुस्तकांचं गाव ४ मे २०१७ ला सुरू झालं आणि साताऱ्याकडच्या सगळ्या वाचनालयांनी तिकडे गाड्या नेल्या. घराघरांत पुस्तकं, प्रत्येक घराला एक विषय. आमच्या मुलांनी बालसाहित्याचं घर बघितलं, स्ट्रॉबेरी खाल्ली, आणि परतताना गाडीत एकाने विचारलं, ‘सगळी खोली पुस्तकांनी भरली, मग त्यांची पोरं झोपत्यात कुठं?’ त्या सहलीने वाचन वाढलं वगैरे काही मी म्हणणार नाही. दोन बहिणींनी मात्र घरी येऊन ओट्यावर फळी टाकली आणि गल्लीतल्या मुलांना पुस्तकं द्यायला सुरुवात केली. दंड एक चिंच.

मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं. मी मोबाइलवर वाचून पाठवायला लागले. ज्यांच्या घरी फोन आईकडे होता ती मुलं ऐकत, ज्यांच्या घरी एकच फोन आणि तो वडिलांच्या खिशात, ती सुटली. ऑक्टोबरमध्ये वाचनालयं उघडायला परवानगी मिळाली, पण दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच राहावं अशी सूचना होती, म्हणजे बालविभाग उघडा आणि मुलं नाहीत. मोठ्या बहिणी-भावांबरोबर पिशव्या पाठवल्या. शाळा सुरू झाल्यावर जी मुलं आली त्यांतली बरीच दोन इयत्ता पुढे गेली होती आणि वाचनात होती तिथेच होती. त्यांच्यासाठी चित्रांची पुस्तकं पुन्हा खालच्या खणातून वर काढावी लागली.

आत्ताचं संकट वेगळं आहे. तालुक्याच्या गावांत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना बसायला जागा हवी आहे, त्यासाठी ती महिन्याला पैसे देतात, आणि त्या पैशांत वाचनालयाचं वीजबिल निघतं. अभ्यासिका हवीच, त्या पोरांचे हाल मी रोज बघते. पण अभ्यासिकेला जागा लागते तेव्हा सगळ्यांच्या नजरा बालविभागाकडे वळतात, कारण बालविभागाच्या वर्गणीतून काही निघत नाही आणि मुलं आवाज करतात. आमच्याकडेही दोनदा विषय निघाला. एकदा देवघेवीच्या नोंदवह्या टेबलावर ठेवून तो परतवला, दुसऱ्यांदा अर्धी खोली द्यावी लागली. शेजारच्या काही गावांत बालविभाग आता फक्त फलकावर आहे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, नियतकालिकं आणि गोष्टीची पुस्तकं असलेलं ग्रंथालय असलं पाहिजे असं सांगितलं, त्यामुळे ‘शाळेत आहे की’ असं उत्तर मिळतं. शाळेतलं ग्रंथालय शाळा सुटली की बंद होतं आणि मे महिन्यात तर उघडतच नाही.

वाचनालयाला काही द्यावं असं पुष्कळांच्या मनात असतं. घर बदलताना लोक खोकी आणून देतात. त्यात जुनी पाठ्यपुस्तकं, गाइडं, अर्धवट भरलेल्या रंगवायच्या वह्या असतात, आणि ती वेगळी करण्यात आमचा दिवस जातो. ती आणू नका. एकाच चांगल्या पुस्तकाच्या दोन प्रती द्या, त्या चालतील. आणि शनिवारी दुपारी दीड तास मोकळा असेल तर तुमच्या गावच्या वाचनालयात जाऊन मुलांना वाचून दाखवायची परवानगी मागा. पहिल्यांदा नाही म्हणतील. पुन्हा विचारा, आणि परवानगी मिळाली तर निदान एक वर्ष तरी वेळ चुकवू नका. आमच्याकडे सध्या मी एकटीच आहे, निवृत्तीला फार वर्षं राहिलेली नाहीत.